जावयाचा उजवा हात

३ मे, रविवार

ठिबकचा फिल्टर साफ केला. शेवटच्या दोन ओळींना पाणीच पोचत नव्हतं. कृषी केंद्रवाल्याने ही डायरी पाण्याच्या पाळ्या लिहायला दिली होती, पण आज पाण्यापेक्षा मोठी बातमी आहे.

आमचे जावई भूषणराव जर्मनीला जाणार. बॉक्सिंग खेळायला.

लेक मोहिनी आखाजीच्या सणाला माहेरी आली ती अजून इथे असोद्यातच आहे. आज भूषणराव धुळ्याहून मोटरसायकलवर आले, तोंड धुतलं, ओट्यावर बसले आणि चहा पिता पिता सांगितलं, "नाना, जर्मनीनं बलावणं उनं शे." माझ्या बायकोच्या, कोकिळेच्या हातातली गाळणी हातातच राहिली. लग्न ठरवताना आम्हाला मुलगा क्रीडाशिक्षक आहे असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, सकाळी शाळेत शिकवतातच. संध्याकाळी लोकांचे ठोसे खातात हे मात्र साखरपुडा झाल्यावर कळलं. मी तेव्हा दोन दिवस जेवलो नव्हतो, आणि अजूनही हा खेळ मला फारसा पटलेला नाही.

आधी तालमीत कुस्ती, मग धुळ्याच्या एका उस्तादांनी हातात मोजे चढवले. विद्यापीठाचं पदक, राज्याचं सुवर्ण, राष्ट्रीयला कांस्य. ते सगळं हौशी. आता पाच वर्षं पैसे घेऊन खेळतात, त्याला प्रोफेशनल म्हणतात. वजनगटाचं नाव लाइट हेवीवेट. हलका म्हणायचं आणि जडही म्हणायचं! मी हसलो तर मोहिनी म्हणाली, "नाना, तुम्हाला सगळ्याची थट्टा." तिचा चेहरा काही बातमीला शोभेल असा नव्हता.

९ मे, शनिवार

भूषणराव महिनाभर इथेच राहून तयारी करणार. मे महिन्यात धुळ्याला पळणं म्हणजे तव्यावर पळणं. केळीच्या बागेत निदान गारवा असतो. पहाटे बागेच्या बांधावरून पळतात, संध्याकाळी पिंप्राळ्याच्या जिममध्ये सराव. गावातली पोरं बांधावर बसून बघतात. मलाही आता वाटतं की आपण काहीतरी करावं.

आज मुंबईच्या साहेबांचा फोन आला, ज्यांनी ही लढत जमवली ते. मी म्हटलं, स्पीकर लावा. फार सभ्य माणूस. जर्मनीवाल्यांनी बारीकसारीक चौकशी करायला सांगितली आहे म्हणे. भूषणराव कधी बेशुद्ध पडलेत का, आठ राउंड उभे राहू शकतील का, मागच्या चार लढतींत किती हरले. भूषणरावांनी "तीन" सांगितलं तर साहेब म्हणाले, "छान, छान." परक्या देशातली माणसं, पण किती काळजी! तिकीट, हॉटेल, जेवण, सगळं तेच करणार. आपल्याकडे जिल्ह्याच्या सामन्याला साधा नाश्ता वेळेवर मिळत नाही.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "मोठी माणसं आहेत हो." भूषणराव म्हणाले, "हां नाना, मोठीच शेतंस." आणि दोरीवरच्या उड्या मारायला निघून गेले.

१३ मे, बुधवार

जळगावला मोटरचा स्टार्टर दुरुस्तीला टाकला आणि असलमच्या दुकानात बसलो. असलम मोबाइल दुरुस्त करतो. त्याचे वडील आणि मी केळीच्या ट्रकांवर बरोबर होतो, म्हणून तो मला नानाच म्हणतो. मी त्याला सांगितलं, त्या जर्मन गड्याची सगळी कुंडली काढ.

नाव डिर्क. आडनाव असलमलाही म्हणता येईना, तेव्हा आम्ही डिर्करावच ठरवलं. समुद्रकाठच्या गावचा. बाप बंदरावर क्रेन चालवायचा. दहाव्या वर्षी पोराला क्लबात घातलं, कारण घरात बसून भांडी फोडायचा. हौशीत देशाचा विजेता, एकदा नाही, तीनदा. युरोपात कांस्य. मग ऑलिंपिकला गेला आणि पहिल्याच लढतीत बाहेर. विमानतळावर बाप घ्यायला आला होता, त्याचा फोटो आहे. दोघंही खाली बघताहेत. मला तो फोटो बघवेना. आपल्या भूषणरावांच्या राष्ट्रीयच्या वेळी त्यांचे वडीलही स्टेशनवर असेच उभे होते म्हणे.

मग प्रोफेशनल झाला. लागोपाठ जिंकत गेला, थेट जगज्जेतेपदाच्या लढतीपर्यंत. ती हरला. पुढचीही हरला. मग दोन वर्षं कुठे दिसलाच नाही. कारण कुठे दिलेलं नाही. आता पस्तिशीत परत येतोय आणि परतीची पहिली लढत आपल्या जावयाशी. असलम म्हणाला, "नाना, समझो. ये आदमी को फिरसे हिरो बनाना है इनको. तो सामने कैसा आदमी लगता?" मी म्हटलं, "चांगला लागतो." त्याने चहा मागवला.

बायको शाळेत बाई आहे. लहान मुलगी आहे, पुढचे दोन दात पडलेले.

१७ मे, रविवार

आजपासून अधिकमास, आणि आजपासूनच घरात भांडण.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, पाय धुवायचे. इथे जावई आयता घरात. कोकिळेने कालच पुरणाची डाळ निवडून ठेवली. भूषणराव हात जोडून म्हणाले, "मामी, वजन भरावनं शे. एक धोंडा खाधा तर तीन दिन पळनं पडी." कोकिळा म्हणाली, "अहो, पन जावाई धोंड्याच्या महिन्यात घरातून उपाशी गेला त लोक काय म्हनतीन आम्हाले?" अर्धा तास चाललं. शेवटी ठरलं की लढत सहा जूनला आहे, अधिकमास त्यानंतरही आठवडाभर आहे, तेव्हा धोंडे परत आल्यावर.

मग पायांचा विषय निघाला. कोकिळा म्हणाली, पाय तुम्ही धुवायचे. मी म्हटलं, शिक्षकाचे धुतले असते. बुक्क्या मारणाऱ्याचे धुवायचे तर आधी जिंकून येऊ दे. मी चेष्टेत बोललो, पण भूषणराव गंभीरपणे म्हणाले, "ठीक शे नाना. जिंकनू तरच धुवा." आता माझीच अडचण झाली, कारण मला ते जिंकायला हवे आहेत.

२१ मे, गुरुवार

आज मी शोध लावला.

डिर्करावांच्या सगळ्या लढती असलमने माझ्या मोबाइलवर भरून दिल्या आहेत. दुपारी बागेत जाता येत नाही, ऊन फार, तेव्हा मी त्याच बघत बसतो. इतक्या बघितल्या की तो माणूस आता घरातलाच वाटायला लागलाय. त्याचा डावा खांदा दुखतो तेव्हा तो ओठ चावतो, हेही मला कळतं. कोकिळा म्हणते, "एवढं त स्वतःच्या पोरीकडे पाह्यलं नाही तुम्ही."

तर आज शेवटच्या दोन लढती एकापाठोपाठ बघत होतो. आणि एकदम आमचा गुलाब्या बैल आठवला. गुलाब्याच्या डाव्या डोळ्यात बाभळीचा काटा गेला होता. बाहेरून डोळा धड दिसायचा, पण त्या बाजूचं दिसायचं नाही. मग तो मान वाकडी करून उजव्या डोळ्याने बघायचा. नव्या माणसाला वाटायचं, बैल ऐटबाज आहे. डिर्कराव तसेच मान वळवतात! आधीच्या लढतींत नाही, या शेवटच्या दोन्हींतच. आणि त्यांना जे जे ठोसे बसले, ते डाव्या बाजूने. येताना दिसतच नाहीत.

असलमला फोन लावला. तो म्हणाला, "डॉक्टर चेक करते ना नाना." करोत बापडे. मी आयुष्यभर बैल बघितलेत.

२२ मे, शुक्रवार

भूषणरावांना सांगितलं. पहाटेचं पळून आले, अंगावरून घामाचे ओघळ, तसंच त्यांना खाटेवर बसवलं आणि व्हिडिओ लावला. त्यांचा उजवा हात म्हणजे घणच. राज्याचं सुवर्ण त्याच हाताने आलं होतं. आणि समोरासमोर उभं राहिलं की आपला उजवा येतो त्याच्या डाव्या बाजूने, जिकडचं त्याला दिसतच नाही. देवाने दिलं म्हणायचं ते हेच.

त्यांनी आधी दुर्लक्ष केलं. मग मोबाइल माझ्या हातातून घेतला. "परत दखाडा." परत दाखवलं. आणखी परत. तेवढाच तुकडा, डिर्कराव मान वळवतात आणि ठोसा बसतो तो. मी म्हटलं, "डॉक्टरांना कळलं नसेल का?" ते म्हणाले, "पाटीवरनी आक्षरं पाठ करी लेतंस नाना. मना एक दोस्तनी करेल शे."

मग विचारलं, गुलाब्याचं पुढे काय झालं. मी सगळं सांगितलं. विकायला सांगत होते लोक. मी नाही विकला. त्याला उजवीकडे जुंपायला लागलो, म्हणजे आंधळा डोळा जोडीदाराच्या बाजूला. त्या बाजूने कुणी जायचं नाही, चारा टाकायचा तोही उजवीकडून. आठ वर्षं कामाला आला, गोठ्यातच गेला. भूषणरावांनी हे फार लक्ष देऊन ऐकलं. मी म्हटलं, "अहो, बैलाचं सोडा. उजवा हात, तो विसरू नका."

संध्याकाळी सरावाला गेले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले. उन्हाचा तडाखाच तसा आहे.

२७ मे, बुधवार

निसवलेल्या, घड लागलेल्या केळीला टेकू लावले. वारा सुटलाय.

भूषणराव हल्ली बोलत नाहीत. लढत जवळ आली की असं होतं म्हणे. काल मी पुन्हा उजव्या हाताचं काढलं तर नुसतं "हां" म्हणाले. मला वाटलं, कंटाळले असतील, पण मी सोडणारा नाही. चहाला बसले की सांगतो, पळून आले की सांगतो. कोकिळा म्हणाली, "आता पाठ झालं असेल त्याले."

आज मोहिनी माझ्याबरोबर बागेत आली. बोलता बोलता तिने सांगितलं की दोघांचं ठरलंय. जिंकले तर जर्मनीवाले आणखी तीन लढती देणार आहेत, पुढे मोठं नाव होऊ शकतं. हरले तर ही शेवटची. वय एकतीस. हरलेल्याला परत कोण बोलावतं? मोजे खुंटीला आणि शाळेत पूर्णवेळ. मी म्हटलं, "मग तुला काय हवंय?" ती म्हणाली, "मला ते धड परत यायला हवेत." मग थांबून म्हणाली, "पण नाना, त्यांनी लहानपणापासून दुसरं काही मागितलं नाही हो." आणि डोळे पुसले.

मला एकदम पोरीची कीव आली आणि जावयाचीही. पंधरा वर्षं ज्याच्यासाठी घाम गाळला ते सगळं त्या एका संध्याकाळवर. म्हणून तर मी डोळ्याचं शोधून काढलं.

१ जून, सोमवार

भूषणरावांना जळगाव स्टेशनवर सोडलं. मुंबईहून विमान. कोकिळेने डब्यात काकडी आणि उकडलेली अंडी दिली आणि स्वतः पदर तोंडाला लावून रडली, जावयाला काकडी द्यायची वेळ आली म्हणून. मी गाडी हलताना खिडकीशी ओरडलो, "उजवा हात!" डब्यातले लोक बघायला लागले. भूषणराव हसले. गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदा हसले, ते मला बरं वाटलं.

५ जून, शुक्रवार

वजन बरोबर भरलं. मोहिनीच्या मोबाइलवर फोटो आला. दोघं समोरासमोर उभे, उघड्या अंगाने. डिर्कराव व्हिडिओपेक्षा थोराड दिसतात. मान किंचित वाकडी. मी मोहिनीला म्हटलं, बघ, बघ. ती म्हणाली, "माहीत आहे. हे फोनवर म्हणत होते की त्यांच्या मुलीशी ओळख झाली. हॉटेलात सारखी यांच्यामागे. दात पडलेले आहेत तिचे."

ओळखी काय करून घ्यायच्या लढतीच्या आदल्या दिवशी?

७ जून, रविवार

रात्री वादळात लाइट गेली, टॉवरही गेला. सकाळी मोहिनीला एवढाच निरोप मिळाला, "सुखरूप आहे." निकाल नाही. मी चहासुद्धा न घेता असलमकडे. त्याने दुकानाचं शटर अर्धंच उघडलं आणि मोठ्या स्क्रीनवर लावलं.

सविस्तर लिहितो, म्हणजे राग तरी जाईल.

पहिले दोन राउंड डिर्कराव भारी. मी म्हटलं, जोखताहेत आपले. तिसऱ्यात भूषणरावांचा डावा हात चालायला लागला. सुंदर, सरळ, नाकावर. चौथ्यात डिर्कराव मागे सरकले. लोक गप्प झाले. असलम खुर्चीवरून उठला. पाचव्यात तेच. समालोचक मोठ्याने काय काय बोलत होता, आम्हाला एवढंच कळलं की असं होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. मला तेव्हा लख्ख कळलं की असलम त्या दिवशी चहा मागवून काय गिळून बसला होता. आमच्या माणसाला हरायला बोलावलं होतं. माझं अंग तापलं. म्हटलं, आता दाखव त्यांना.

आणि सहाव्या राउंडमध्ये ती वेळ आली. भूषणच्या डाव्या हाताने डिर्कचं डोकं मागे गेलं, हात खाली आले, डावी बाजू सताड उघडी. त्याला काही दिसत नव्हतं, मला जळगावात बसून कळत होतं की दिसत नाही. असलम ओरडला, "मार ना! मार!" मी ओरडलो, "उजवा!" समोरच्या दुकानातले लोक धावत आले.

भूषणचा उजवा हात हनुवटीजवळच. नुसता तिथे. जसा कुणी बांधून ठेवलाय. आणि तो काय करतो, तर गोल फिरून डिर्कच्या दुसऱ्या बाजूला जातो, जिकडून त्याला दिसतं तिकडे, आणि तिथून लढतो. पुढचे दोन्ही राउंड तसेच. उजवा चालवला तो फक्त पोटात, दोन-चारदा. डोक्याकडे एकदाही नाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं.

मार मात्र खूप खाल्ला. आठव्यात ओठ फाटला. शेवटची घंटा होईपर्यंत उभा होता. तीन पंचांपैकी एकाने भूषणला दिलं, दोघांनी डिर्कला. हरला.

शेवटी आणखी एक गंमत. दोघं गळ्यात पडले, ते पडतातच. मग भूषणने आपला डावा डोळा मोज्याने झाकला. डोळ्यात घाम गेला असेल. मग मोजा डिर्कच्या छातीला लावला, आणि पुन्हा डोळा झाकला. डिर्क खांबासारखा उभा राहिला. मग त्याने भूषणच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडायला लागला. जिंकलेल्या माणसाला रडायला काय झालं, मला समजलं नाही.

असलम म्हणाला, "नाना, हाथ टूटा होगा लडके का." तेच असणार. दुसरं काय? घरी येऊन कोकिळेला सांगितलं, आंबेहळद काढून ठेव.

८ जून, सोमवार

हात धड आहे. मोहिनीने विचारलं होतं.

म्हणजे विसरला. दहा दिवस घसा कोरडा केला मी, आणि ऐन वेळी विसरला. मुंबईच्या साहेबांचा फोन आला, जर्मनीवाले खूश आहेत म्हणाले, चांगली लढत झाली म्हणाले. पुढच्या तीन लढतींचं विचारलं तर म्हणाले, "नाना, बघू." मला बघूचा अर्थ कळतो.

मोहिनी माझ्याशी बोलत नाही, कारण मी भूषणला बावळट म्हटलं.

११ जून, गुरुवार

जावई आले. ओठाला टाके, डाव्या डोळ्याखाली काळंनिळं. मी ओट्यावरून उठलो नाही. त्यांनी वाकून नमस्कार केला, मी "हं" म्हटलं. आत कोकिळा आणि मोहिनी दोघींचं रडणं-हसणं एकदम चाललं होतं.

दुपारी बागेत कापणी होती, मजूर एक कमी आला. भूषण न सांगता आला आणि घड वाहायला लागला. उजव्या हाताने घड उचलतो आणि खांद्यावर टाकतो, उशी उचलावी तसा. मी बघत उभा राहिलो. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "हाताला तर काही झालेलं नाही."

"हात चांगला शे, नाना."

"मग सहाव्या राउंडला काय झालं होतं त्याला?"

तो दुसरा घड उचलत म्हणाला, "तुम्ही रागे भरी ऱ्हायनात, ते बराबर शे. माले काही म्हणनं नही." आणि ट्रॅक्टरकडे गेला. मजूर हसत होते, त्यांना वाटलं सासरा-जावयाची थट्टामस्करी चाललीय. मला असं वाटलं की रागावलेला मी आहे आणि समजूतही माझीच घातली जातेय.

मोजे त्याने मोहिनीच्या माहेरच्या खोलीत खुंटीला टांगलेत. मी जाता जाता बघितले. तळहाताकडे चामडं झिजून मऊ झालंय.

१४ जून, रविवार

उद्या अधिकमास संपतो, म्हणून आज धोंडे.

कोकिळा पहाटेपासून चुलीशी. मी ठरवून टाकलं होतं की पाय मी धुणार नाही. जिंकलास तर धुईन, हा आमचा शब्द होता आणि तो त्यानेच मान्य केला होता. कोकिळेने तांब्या, परात, वाणाचं ताट, त्यात अनारसे, वर दिवा, सगळं मांडलं आणि माझ्याकडे बघितलं. मी वर्तमानपत्र उघडलं.

तेवढ्यात मोहिनीचा मोबाइल वाजला. ती वाचत राहिली आणि मग माझ्यासमोर धरला. डिर्करावांचा फोटो. दवाखान्याची खाट, डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, मांडीवर ती मुलगी, दात नसलेली, हसतेय.

मी म्हटलं, "म्हणजे एवढं लागलं होतं त्याला! मारलं होतं तर भूषणने!"

"नाही नाना," मोहिनी म्हणाली. "ऑपरेशन झालंय. डोळ्याच्या आतला पडदा सुटत आलेला होता. त्यांनी दोन वर्षांहून जास्त लपवून ठेवलं होतं, बायकोपासूनसुद्धा. लढतीच्या दुसऱ्या दिवशी स्वतःहून दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, त्या बाजूने एक जोराचा ठोसा बसला असता तर डोळा गेलाच होता. आता वाचेल. आता ते खेळणार नाहीत."

मी भूषणकडे बघितलं. तो पाटावर बसला होता, वाणाच्या दिव्याची वात सारखी करत.

"नाना," तो वर न बघता म्हणाला, "गुलाब्याले तुम्ही कोन्ता आंगे जुपेत?"

"उजवीकडे," मी म्हटलं. "सांगितलं होतं की."

"का बरं?"

"का म्हणजे? आंधळ्या बाजूने त्याला काही लागू नये म्हणून."

मी हे बोललो आणि माझ्या हातातून वर्तमानपत्र खाली गेलं. मला ते मोज्याने डोळा झाकणं दिसलं, ते गोल फिरून दुसऱ्या बाजूला जाणं दिसलं. पाठ तर त्याला पहिल्याच दिवशी झालं होतं. मी दहा दिवस त्याला हाताचं सांगत होतो आणि त्याने माझ्याकडून बैलाचं घेतलं होतं. त्याचं स्वतःचं सगळं आयुष्य त्या एका उघड्या बाजूवर टांगलेलं होतं, पोराला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मला रडू आलं. सासरी निघालेल्या पोरीसारखं स्फुंदून रडलो म्हणाना. कोकिळा घाबरून बाहेर आली.

मग तांब्या मी घेतला. परातीत त्याचे पाय ठेवले आणि धुतले, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून. तो "नाना, राहू द्या, मी जिंकनू नही," म्हणत होता. मी म्हटलं, "गप्प बस." उपरण्याने पुसले. नंतर म्हटलं, "आता हात पुढे कर."

त्याने डावा केला.

"तो नाही," मी म्हटलं.

उजवा धुताना कोकिळा म्हणाली, "अहो, हात धुवायचं कुठे राह्यते धोंड्यात? पायच धुतात." मी म्हटलं, असू दे. आणि तिला धोंडे वाढायला सांगितले.